वाडा पाडावा की राखावा?

आपल्या न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा चार महिने ठाण मांडून बसतो. खाडीवरून येणारा वारा कौलारू घरांची परीक्षाच घेतो. एखादे कौल जागचे सरकते, त्या फटीतून पाणी वाशावर ठिबकते, ओल धरलेल्या वाशाला वाळवी लागते आणि दोन-चार वर्षांत आढे खाली झुकते. म्हणूनच आपल्याकडील शहाणी माणसे मृग नक्षत्राच्या आत घर शाकारून घेतात.

मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तिच्या मागील अंगास एक जुनी कौलारू इमारत होती. गावातील तीन पिढ्यांनी तेथे मुळाक्षरे गिरवली होती. नवे वर्ग बांधल्यावर ती ओस पडली. पुढे तिचे काय करावे, हा प्रश्न ग्रामसभेपुढे आला. १९८९ साली बंदर सुरू झाल्यापासून या किनाऱ्यावर जुने पाडणे आणि नवे उभारणे लोकांच्या अंगवळणी पडले होते. त्यामुळे तरुण मंडळी म्हणाली, "पाडून टाका, मुलांच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण?" वडीलधारी मंडळी हळहळली. इतक्यात एक वृद्ध कोळीदादा उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "गुरुजी, हे छप्पर शेवटचं शाकारलं कधी, ते सांगा." मला उत्तर देता आले नाही. सभेत कोणालाच देता आले नाही. इमारत पाडण्याचा ठराव त्याच संध्याकाळी संमत झाला.

पुढे पुण्याच्या भिडे वाड्याची हकीकत वाचताना कोळीदादांचा तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा आठवला. ती हकीकत अशी.

पुण्याच्या बुधवार पेठेत, आज जेथे दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर आहे त्याच्या समोर, तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ साली जोतीराव फुले यांनी या वाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते आणि त्या शाळेत शिकवू लागलेल्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. मिशनऱ्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा त्यापूर्वीही होत्या. परंतु येथल्याच माणसांनी, आपल्याच लोकांचा रोष पत्करून, मुलींसाठी शाळा उघडावी ही गोष्ट नवी होती. त्या काळी अशा कामासाठी घरातील जागा देणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वैर विकत घेणे होय. भिड्यांनी ते घेतले. शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोक शेण व चिखल फेकीत, हे तुम्ही वाचलेच असेल. वाड्यातील ती पहिली शाळा फार काळ टिकली नाही. पण १८५१ साली फुले दांपत्याने त्याच पेठेत दुसरी शाळा उघडली, आणि मुलींच्या शिक्षणाचे पाऊल मागे पडले नाही.

शाळा गेली, वाडा राहिला. तो खाजगी मालकीचा होता. काळ पालटला तसे मालक पालटले, बुधवार पेठ भर बाजारपेठ झाली आणि वाड्याच्या तळमजल्यावर दुकाने थाटली गेली. खाली गिऱ्हाइकांची वर्दळ आणि वर मोडकी लाकडे, असा तो वाडा वर्षानुवर्षे उभा होता. गणपतीच्या दर्शनाला रोज हजारो लोक येत. समोरच्या त्या पडक्या भिंतींकडे त्यांतील कितीजण मान वळवून पाहत असतील?

आता याच पुण्यातील दुसरा वाडा पाहा. भिडे वाड्यापासून चालत गेल्यास दहा मिनिटांच्या आत विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास बांधविला. पेशवाई बुडाल्यावर, १८२१ साली, इंग्रज सरकारने तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. प्रारंभी तीत ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. पुढे याच संस्थेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८७९ साली या वाड्याला आग लागून त्याचा बराच भाग जळाला. पण तो तसाच सोडून दिला गेला नाही. लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने भर घातली आणि जळालेला भाग पुन्हा उभा राहिला. १९३० मध्ये नगरपालिकेने हा वाडा एक लाख रुपयांस विकत घेतला आणि १९५९ पर्यंत पुणे शहराचा कारभार तेथूनच चालला. तो वाडा आजही उभा आहे. त्याचे कोरीव सुरूचे खांब पाहण्यास तुम्ही अवश्य जावे.

दोन्ही वाडे लाकडाचे, आणि दोन्ही ठिकाणी शाळा भरली. मग एक राहिला आणि दुसरा का गेला? पहिला राजाचा व दुसरा सामान्य गृहस्थाचा, हे एक उत्तर झाले, आणि ते खोटे नाही. ज्या वाड्यात सनद असलेल्या वर्गाची मुले शिकली तो सरकारने सांभाळला, आणि ज्या वाड्यात मुली शिकल्या त्याची वास्तपुस्त दीड शतक कोणी केली नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला खुपते. परंतु दुसरे उत्तरही तितकेच खरे आहे. विश्रामबागवाड्याला नेहमी कोणी ना कोणी धनी होता आणि तो सतत वापरात होता. जेथे रोज माणसे बसून काम करतात, तेथील छप्पर गळू लागले की ओरड होते. ओस पडलेल्या माडीतील गळती कोणाच्या डोक्यावर पडत नाही, म्हणून ती कोणाला दिसतही नाही.

भिडे वाड्याचा प्रश्न महानगरपालिकेने हाती घेतला तो २००६ साली. ही जागा ताब्यात घेऊन तेथे राष्ट्रीय स्मारक उभारावे, असा ठराव तेव्हा झाला. परंतु ठराव होणे आणि जागा हाती येणे यांत मोठे अंतर असते. वाड्यात भाडेकरू होते. त्यांची दुकाने होती, त्यांवर त्यांचे संसार चालत होते. ते न्यायालयात गेले. मुलांनो, त्यांना चटकन दोष देऊ नका. ज्याच्या दुकानावर हातोडा पडणार, त्याने आपले म्हणणे न्यायासनापुढे मांडावे यात वावगे काही नाही. खटला कितीतरी वर्षे रेंगाळला आणि तेवढे पावसाळे वाड्याने आणखी सोसले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या बाजूने निर्णय दिला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, पोलिसांच्या बंदोबस्तात, महानगरपालिकेने वाडा पाडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि वाडा पाडला गेला तेव्हा कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे निर्णय घेणारे हात निराळे आणि तो पार पाडणारे निराळे. सार्वजनिक कामात असे पुष्कळदा घडते. म्हणून ठरावाची भाषा नेमकी असावी लागते. स्वतः जोतीरावांना हे चांगले ठाऊक होते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. हा पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या मंडईवर होणारा मोठा खर्चही त्यांना पसंत नव्हता. आणि गंमत पाहा, त्या मंडईला पुढे महात्मा फुले मंडई हेच नाव मिळाले!

स्मारकासाठी मूळ वास्तूच पाडावी, हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले. सावित्रीबाईंचे पाय ज्या उंबऱ्याला लागले तो उंबरा हेच खरे स्मारक नव्हे काय? परंतु कुजलेले खांब, भर रस्त्यावर झुकलेली भिंत आणि खालून जाणारी गर्दी यांचाही विचार करावा लागतो. मोडकळीस आलेली, कोसळण्याजोगी इमारत उतरविण्याचा अधिकार कायद्याने महानगरपालिकेला दिला आहे, तो याच कारणासाठी. जुन्या वास्तूंची यादी करून त्यांना संरक्षण देण्याचे नियम मुंबईत १९९५ साली झाले. पण यादीत नाव लिहिल्याने गळती थांबत नाही. २०२३ मध्ये पुण्यापुढे निवड उरली होती ती पडका वाडा आणि मोकळी जागा यांमधली. जो वाडा राखता आला असता, तो कितीतरी वर्षांपूर्वीचा होता.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, दूरदृश्य पद्धतीने, त्या जागी सावित्रीबाईंच्या स्मारकाची पायाभरणी झाली. आमच्या शाळेची ती कौलारू इमारतही आता नाही. तिचा एक सागवानी खांब तेवढा आम्ही मागून घेतला. तो नव्या वाचनालयाच्या दाराशी उभा आहे, आणि दरवर्षी मे महिन्यात शिपाई त्याला तेल लावतो.

स्वाध्याय

१. भिडे वाडा आणि विश्रामबागवाडा यांच्या नशिबात फरक का पडला? लेखकाने दिलेली दोन्ही उत्तरे तुमच्या शब्दांत लिहा. त्यांपैकी कोणते तुम्हांला अधिक पटते?
२. 'वैर विकत घेणे', 'अंगवळणी पडणे', 'ठाण मांडून बसणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. तुमच्या गावातील एखादी ओस पडलेली जुनी वास्तू पाहून या. ती कोणाची आहे आणि तिचे छप्पर शेवटचे केव्हा शाकारले, याची घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा.