खिडकीची जाळी कोणी बसवायची?

पावसाळा सरता सरता इंदिरानगरातील दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढू लागतात आणि त्यांच्याबरोबर एक भांडणही येते. घरात डास आहेत का, असे विचारले की उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, खिडक्यांना जाळ्याच नाहीत. मालक म्हणतात, तुम्ही बसवा. अकरा महिन्यांसाठी आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरावर खर्च का करायचा?" अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या कितीतरी कुटुंबांकडून मी हे ऐकले आहे. घरमालकाची बाजूही मला चांगली ठाऊक आहे, कारण काही वर्षांपूर्वी ती मी स्वतःच मांडली होती.

आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला होता. भाडेकरूंनी तीन खिडक्यांना जाळी मागितली, तेव्हा रोज लोकांना डासांपासून सांभाळा म्हणून सांगणारा मी "मच्छरदाणी लावा की" म्हणून मोकळा झालो. त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास त्यांच्या पाचवीतल्या मुलीला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले आणि त्याच संध्याकाळी तिला पोटदुखी व उलट्या सुरू झाल्या. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच खरे जोखमीचे असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. रुग्णालयात पाच दिवस सलाइनवर राहून मुलगी बरी झाली. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी खालच्या मजल्यावर माझ्या आईला ताप आला. तोही डेंग्यूच निघाला.

यात नवल काही नव्हते. डेंग्यूचा विषाणू पसरवणारा एडिस डास तापातल्या रुग्णाला चावला, की विषाणू त्याच्या अंगात वाढायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. नंतर तो ज्याला चावेल, त्याला बहुधा ४ ते १० दिवसांत ताप येतो. हा डास सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे तो आपल्याच इमारतीत जन्मलेला असण्याचा संभव फार. मी गच्चीवर जाऊन पाहिले. टाकीचे झाकण फुटलेले आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. अळ्या भाडेकरूंच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्येही सापडल्या. दोष कोणाचा, हे ठरवायला बसलो असतो तर दोघांनाही मान खाली घालावी लागली असती.

माझे मच्छरदाणीचे उत्तर वैद्यकीयदृष्ट्याही अपुरे होते. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस डास रात्री चावतो, त्याच्यासाठी मच्छरदाणी उत्तम. एडिस मात्र दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. शाळेतून आलेले मूल दुपारी अभ्यासाला बसते ते काही मच्छरदाणीत नव्हे. (तापाचा रुग्ण आणि तान्हे बाळ मात्र दिवसाही मच्छरदाणीतच हवे.) इतरांसाठी खिडकीची जाळीच उपयोगी पडते. जाळीचा उपयोग जुन्या काळीच सिद्ध झाला आहे. १९०० साली इटलीत, रोमजवळच्या ओस्टिया या हिवतापाने बदनाम झालेल्या भागात डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो जाळ्या बसवलेल्या झोपडीत ऐन साथीच्या मोसमात राहिले. सूर्यास्तापूर्वी आत जायचे आणि उजाडल्यावर बाहेर पडायचे, एवढाच नेम. कुनैन न घेताही त्यांना हिवताप झाला नाही.

जाळी घेताना एका इंचात किमान १६ घरे आहेत का, ते पाहावे. घर सव्वा मिलिमीटरहून मोठे नको. जाळीने वारा थोडा अडतो, ही तक्रार खरी आहे. धूळ साचली की आणखी अडतो, म्हणून पंधरवड्याला ती धुवावी. आणि घरातच कूलर, फुलदाणी किंवा ट्रेमध्ये अळ्या असतील, तर जाळी डासांना आत कोंडून ठेवील, बाहेर नव्हे.

आता खर्चाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. उलट करार नसेल, तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याच्या कलम १४ ने मालकावर टाकली आहे. नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. माझ्या समजुतीने, असलेली जाळी फाटली तर ती दुरुस्ती होय. मुळात नसलेली जाळी नव्हे. शिवाय हल्ली बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात आणि तिथे करारात काय लिहिले आहे, यावरच सारा भर असतो. त्या छापील करारांत वीजबिलापासून भिंतीतल्या खिळ्यांपर्यंत सर्व असते. जाळीचा उल्लेख मी क्वचितच पाहिला आहे.

वाद जुनाच आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिवतापाचा डास घरांच्या विहिरींत वाढतो, असे त्यात दाखवले होते. विहिरी झाकायच्या ठरल्या तेव्हा पुष्कळ मालकांनी धर्मकार्याला उघडे पाणी लागते म्हणून विरोध केला होता.

माझे मत असे, की जे भिंतीला आणि चौकटीला कायमचे राहणार, ते मालकाने करावे: सरकत्या खिडकीचा जाळीचा पल्ला, टाकीचे झाकण. जे काढून नेता येते, ती वेल्क्रोच्या पट्टीवरची जाळी किंवा मच्छरदाणी, भाडेकरूने घ्यावी. मालक ऐकतच नसेल, तर भाडेकरूने निदान निजण्याच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या खोलीला अशी जाळी लावावी. रुग्णालयातील एका दिवसाचे बिल त्याहून मोठे असते. धुणे आणि पाणी साचू न देणे हे राहणाऱ्याचे काम. आमच्या पुढच्या करारात मी हे दोन ओळींत लिहून घेतले आणि तीनही खिडक्यांना पल्ले बसवले.

घरमालकांना आणखी एक सांगायचे आहे. ज्यांच्याकडे संडासाची सेप्टिक टाकी आहे, त्यांनी तिच्या उंच हवापाइपाच्या तोंडालाही जाळीचा तुकडा तारेने घट्ट बांधावा. रात्री कानाशी गुणगुणणारे क्युलेक्स डास तिथूनही बाहेर पडतात. खिडक्यांची जाळी कापून उरलेला तुकडा त्याला पुरतो.