आधी आपला हात लागला तिथे बघा

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या अकरा वर्षांच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मी घरीच बदललं. दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही लोअर आर्म आणि लिंक रॉड. नवे सुटे भाग, पान्यांचा चांगला सेट, दोन मजबूत स्टँड आणि अख्खा रविवार हाताशी होता. संध्याकाळी गाडी जमिनीवर उतरवली तेव्हा मनापासून समाधान वाटलं. सोमवारी सकाळी साताऱ्यातल्या पहिल्याच उखडलेल्या रस्त्यावर डाव्या चाकाकडून आवाज आला. टक, टक, टक.

मोठ्या खड्ड्यात आवाज नव्हता. कमी वेगात, बारीक खडबडीवरच यायचा. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी लिंक रॉडचं नाव घेतलं, आणि लक्षण खरोखरच लिंक रॉडचं होतं. नवाच भाग सदोष निघाला असं धरून मी बुधवारी दुसरी जोडी आणून बसवली. आवाज तसाच. मग स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश बदलले. तरीही आवाज तसाच. शनिवारी घरच्यांना घेऊन पाचगणीला गेलो आणि संध्याकाळी पसरणी घाट उतरून परत आलो.

रविवारी गाडी आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. शेजारी बसले आणि त्याच रस्त्यावरून गाडी न्यायला सांगितली. आवाज आला. परत वळायला लावलं आणि म्हणाले, "आता ब्रेकवर नुसता पाय ठेवा साहेब. थांबवू नका, जरासा दाबून चालवा." आवाज बंद झाला. पाय काढला, पुन्हा सुरू. "सस्पेन्शन राहू द्या," ते म्हणाले, "चाक काढा."

कॅलिपरचा खालचा बोल्ट बोटांनी फिरत होता.

ब्रेक दाबला की पॅड डिस्कला धरतात, त्यामुळे सैल कॅलिपरही जागच्या जागी धरला जातो आणि आवाज थांबतो. लिंक रॉडच्या आवाजाला ब्रेकने असा फरक पडत नाही. एवढ्या साध्या परीक्षेने जे कळलं, ते कळायला मी दोन वेळा सुटे भाग विकत घेतले होते.

बोल्ट सैल कसा राहिला, तेही मला आठवलं. काम करताना कॅलिपर काढून तारेने बाजूला टांगला होता. तो परत बसवत असताना जेवायची हाक आली. बोल्ट हाताने चार आटे बसवला, म्हटलं आल्यावर आवळू. जेवून आलो आणि उजव्या बाजूच्या कामाला लागलो. बुधवारी चाक काढलं तेव्हा तो बोल्ट माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता, पण माझी नजर लिंक रॉडवरच होती. तो घाटात गळून पडला असता, तर कॅलिपर वर फिरून रिमला अडकला असता. गाडीत आम्ही पाच जण होतो. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून घरी असं काम करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे: कामाच्या आधी नसलेला आवाज कामानंतर आला, तर दोष बहुतेक आपण उघडलेल्या जागीच असतो. नवा भाग आणण्याआधी आपण हात लावलेल्या प्रत्येक नटबोल्टची यादी करा आणि ती एकेक करून तपासा. चाकांचे नट आणि ब्रेक तपासून होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. आवाज शोधायचा म्हणून गाडी फिरवत राहणं ही माझी सर्वांत मोठी चूक होती.

दुसरं, आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो ते बघा. चाकाच्या फेऱ्यांबरोबर घासल्याचा आवाज येत असेल, तर डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना वाकून डिस्कला लागला असेल. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टण्' वाजलं, तर स्प्रिंग आपल्या खाचेत नीट बसलेली नाही किंवा स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडतंय. ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना एकच ठोका बसत असेल, तर लोअर आर्मचे बोल्ट आणि कॅलिपर बघा. बारीक खडबडीवर टकटक असेल, तर आधी ब्रेकची परीक्षा करा, मग लिंक रॉडकडे वळा. लिंक रॉडचा नट आवळताना आतला खुंट नटाबरोबर फिरतो. तो ॲलन कीने धरला नाही, तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण होत नाही.

तिसरी गोष्ट बुशची. कॅलिपर आवळल्यावरही स्पीड ब्रेकरवर कुरकुर उरली होती. लोअर आर्मचे बोल्ट मी चाक हवेत लटकत असताना पक्के केले होते. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं, की गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते कुरकुरतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट आधी नुसते बसवावेत आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत. मिस्त्रींनी ते सैल करून तसेच आवळले आणि कुरकुर थांबली.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने बोल्ट आवळला, की लगेच त्यावर रंगाची एक रेघ मारतो. रेघ नाही म्हणजे काम अपुरं. जेवणाची हाक आली तरी हातातला बोल्ट पुरा करूनच उठतो. चाक चढवण्याआधी, लोअर आर्मचे बोल्ट सोडून, बाकी सगळ्या रेघा मोजतो. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा तपासतो आणि अलाइनमेंट करून घेतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जात नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते, म्हणून स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवण्याचं काम गॅरेजमध्येच देतो.

घरी काम जरूर करा, त्याने गाडी कळते. पण आवाज आला तर तिथेच थांबा, चाक काढा आणि आधी आपला हात लागला तिथे बघा. घरच्यांना गाडीत बसवायचं ते त्यानंतरच.