दारात बालसंरक्षण विभाग

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. मुलगा सायकलवरून पडला, भुवईवर खोक पडली. दोन दिवसांनी बालसंरक्षण विभागाच्या बाई अचानक दारात! घाबरून मी सगळं घर दाखवलं. नाही म्हटलं असतं, तर मुलाला घेऊन गेल्या असत्या का? — एक आई

उत्तर : ताई, नुसत्या नकारावरून मुलाला नेता येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा मुलाच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला तातडीचा धोका असावा लागतो. तक्रार आली म्हणजे दोष सिद्ध झाला, असंही नाही.

टेक्सासमध्ये सप्टेंबर 2023 पासून पहिल्याच भेटीत पालकांचे हक्क तोंडी आणि लेखी सांगणं बंधनकारक आहे. आरोप काय, हे विचारा. वकिलाशिवाय बोलायला किंवा घरात घ्यायला तुम्ही नकार देऊ शकता. संभाषण रेकॉर्डही करू शकता. मात्र नकारानंतर विभाग न्यायालयाकडून आदेश आणू शकतो. आदेश असेल किंवा पोलीस तातडीचं कारण सांगत असतील, तर दार अडवू नका. शाळेत मुलाशी विभागाचे लोक तुम्हाला न विचारताही बोलू शकतात, हे लक्षात असू द्या.

खोटं मात्र कधीच बोलू नका. डॉक्टरांचे कागद, जखमेचे तारखेसह फोटो जपून ठेवा. घरी आजी असतील, तर त्यांनी मोडक्या इंग्रजीत उत्तरं देऊ नयेत, दुभाषी मागावा. अर्धवट भाषेमुळे आईच्या काळजीचा भलताच अर्थ निघालेला मी पाहिला आहे.

घर दाखवलंत, त्यात काही बिघडलं नाही. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मात्र कौटुंबिक कायद्याच्या स्थानिक वकिलांना गाठा.