बारा पंच

इ. स. १६७० च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. लंडन शहरातील ग्रेसचर्च नावाच्या रस्त्यावर बरीच माणसे जमली होती. मध्यभागी उभा राहून पंचवीस वर्षांचा एक तरुण प्रवचन करीत होता. त्याचे नाव विल्यम पेन. तो क्वेकर पंथाचा अनुयायी होता. या पंथाचे लोक शस्त्र हाती धरीत नसत. सर्व माणसे ईश्वरापुढे समान आहेत अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे ते राजापुढेही टोपी उतरवीत नसत. राजमान्य चर्च सोडून इतरत्र उपासनेसाठी एकत्र जमण्यास त्या काळी इंग्लंडात कायद्याने बंदी होती. क्वेकरांच्या प्रार्थनागृहाला शिपायांनी कुलूप ठोकले होते, म्हणून पेन रस्त्यावरच बोलू लागला. तेवढ्यात शिपाई आले. त्यांनी पेनला व त्याचा सोबती विल्यम मीड याला पकडले. बेकायदा जमाव जमवून शांततेचा भंग केला, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

सप्टेंबरच्या आरंभी ओल्ड बेली येथील न्यायालयात हा खटला उभा राहिला. इंग्लंडातील अशा न्यायालयांत पूर्वापार कामाची वाटणी झालेली असे. न्यायाधीश हा कायद्याचा जाणकार. कोणता पुरावा घ्यावयाचा, कोणता प्रश्न विचारू द्यावयाचा, हे तो ठरवी. कायदा काय सांगतो हे समजावून देणे, आणि आरोपी दोषी ठरल्यास त्याला शिक्षा फर्मावणे, हेही त्याचेच काम. परंतु आरोपी दोषी आहे की निर्दोष, हे मात्र तो सांगत नसे. तो निर्णय बारा नागरिकांचे एक मंडळ देई. या मंडळाला ज्यूरी म्हणतात. आपण त्यांना पंच म्हणू. हे पंच कोणी पंडित नसत. आपापला उद्योग करणारी ती साधी माणसे असत. ती शपथ घेऊन बसत, दोन्ही बाजूंच्या साक्षी ऐकत आणि मग एकांतात विचारविनिमय करून एकमताने निर्णय देत. तराजू सरळ धरण्याचे काम न्यायाधीशाचे, आणि पारडे कोणत्या बाजूला झुकले हे सांगण्याचे काम पंचांचे, अशी ही व्यवस्था होती.

अशी वाटणी का केली असेल? त्या काळी न्यायाधीशाची नेमणूक राजा करी. राजाची मर्जी गेली तर न्यायाधीशाचे पद जाई. तेव्हा राजसत्ता आणि आरोपी यांच्यामध्ये आरोपीच्याच बरोबरीची, कोणाची मिंधी नसलेली माणसे असावीत, हा तिच्यामागील हेतू.

पेन आणि मीड न्यायालयात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या. एका शिपायाने त्या आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायासनावर बसलेल्या लंडनच्या महापौराने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवावयास लावल्या. मग, ‘न्यायासनापुढे टोपी का उतरवीत नाही?’ असे दरडावून दोघांनाही दंड ठोठावण्यात आला! खटल्याचे पुढे काय होणार, याची ही चुणूकच होती.

साक्षीदार आले. जमाव होता आणि पेन बोलत होता, असे त्यांनी सांगितले. मात्र गलक्यामुळे तो काय बोलत होता, हे ऐकू आले नाही असेही ते म्हणाले. कोणत्या कायद्याखाली आपल्यावर आरोप ठेवला आहे, असे पेनने पुनःपुन्हा विचारले. त्याला सरळ उत्तर मिळाले नाही. उलट, त्याला न्यायालयाच्या एका कोपऱ्यातील कोंडवाड्यात नेऊन उभे करण्यात आले.

पंच विचारासाठी आत गेले. पहिल्या वेळी आठ जण एका मताचे, तर चौघे दुसऱ्या मताचे होते. या चौघांत एडवर्ड बुशेल हा प्रमुख. न्यायासनावरील अधिकाऱ्यांनी त्याला सर्वांदेखत धमकावले. पंचांना पुन्हा आत पाठवण्यात आले. या वेळी त्यांनी निर्णय आणला, की पेन ग्रेसचर्च रस्त्यावर बोलला, एवढेच खरे. बोलणे हा काही गुन्हा नव्हता. अधिकारी संतापले. हवा तसा निर्णय मिळेपर्यंत पंचांना अन्न, पाणी वा विस्तव यांपैकी काहीही मिळणार नाही, असा हुकूम सुटला.

दोन रात्री ते बारा जण उपाशी कोंडले गेले. दर खेपेला त्यांना बाहेर आणावे, दटावावे, आणि पुन्हा आत लोटावे, असे चालले होते. पेनने त्यांना त्यांच्या हक्काची आठवण करून दिली, आणि तो आम्ही सोडणार नाही, असे त्यांच्याकडून उत्तर आले. अखेर सप्टेंबरच्या ५ तारखेला त्यांनी निर्णय दिला : आरोपी निर्दोष आहेत!

यावर न्यायासनाने काय करावे? प्रत्येक पंचाला चाळीस मार्क एवढा जबर दंड केला, आणि तो भरेपर्यंत तुरुंगात डांबण्याची आज्ञा दिली. पेन व मीड यांनाही टोपीच्या दंडापायी कोठडीतच जावे लागले.

बुशेल आणि त्याचे काही सोबती दंड भरावयास तयार होईनात. एखाद्याला बेकायदा कोंडले असेल, तर त्याला हजर करून कारण दाखवा, असा हुकूम मागण्याची सोय इंग्लंडच्या कायद्यात होती. आपल्याकडे तिला बंदी प्रत्यक्षीकरण असे म्हणतात. बुशेलने तिचा आश्रय घेतला. हे प्रकरण मुख्य न्यायाधीश जॉन व्हॉन यांच्यापुढे आले. त्यांनी असा निवाडा दिला, की एकच साक्ष ऐकून दोन प्रामाणिक माणसांची मते भिन्न होऊ शकतात. न्यायाधीशाला हवे तेच पंचांनी म्हणावयाचे असेल, तर पंच हवेतच कशाला? म्हणून दिलेल्या निर्णयाबद्दल पंचांना शिक्षा करता येत नाही. बुशेल व त्याचे सोबती मुक्त झाले. त्या पंचांच्या धैर्याचे स्मरण करून देणारा एक फलक आजही ओल्ड बेलीत पाहावयास मिळतो.

पुढे इंग्रजांनी ही पद्धत आपल्या देशातही आणली. परंतु आरोपीच्या बरोबरीची माणसे हा तिचा प्राणच येथे पुष्कळदा हरवला. इ. स. १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर न्यायमूर्ती दावर होते. नऊ पंचांपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी होते. खटला होता ‘केसरी’तील मराठी लेखांवर, पण बहुतेक पंचांना मराठी येत नव्हते. भाषांतरावरूनच त्यांना मत बनवावे लागले. लोकमान्यांनी स्वतः अनेक दिवस आपली बाजू मांडली. सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले, आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी झाली. पंच काहीही म्हणोत, आपण निर्दोषच आहोत, असे त्यांनी त्या रात्री धीरगंभीरपणे सांगितले. त्यांचे ते उद्गार त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्या शिलालेखाचे अनावरण झाले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातील फौजदारी खटल्यांतून ज्यूरीची पद्धत हळूहळू मागे पडली. लोकमताच्या लाटेत पंच वाहून जातात, असा अनुभव येऊ लागला होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. इंग्लंड व अमेरिका या देशांत मात्र ती आजही चालू आहे. आपल्याकडे आता न्यायाधीशच पुरावा तोलतो आणि कायदाही लावतो. म्हणूनच आपल्या निर्णयाची कारणे त्याला लिहून द्यावी लागतात. तो निर्णय चुकीचा वाटल्यास वरच्या न्यायालयात दाद मागता येते.

देशोदेशींच्या पद्धती अशा निरनिराळ्या आहेत. पण निर्णय एकाने द्यावा की बारांनी, हा प्रश्न त्यामानाने लहान आहे. निर्णय देणाऱ्याला कोणाचे भय नसावे, कोणाचा लोभ नसावा, आणि समोरच्याचे म्हणणे त्याने पुरतेपणी ऐकलेले असावे, हे महत्त्वाचे. दोन रात्री उपाशी राहिलेल्या त्या बारा साध्या माणसांनी हेच दाखवून दिले.

स्वाध्याय

१. ज्यूरी असलेल्या न्यायालयात न्यायाधीशाची व पंचांची कामे कोणती, ते सांगा.
२. पेन ‘रस्त्यावर बोलला, एवढेच खरे’ या निर्णयाने अधिकारी का संतापले?
३. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी दिलेला निवाडा तुमच्या शब्दांत लिहा.
४. लोकमान्य टिळकांच्या खटल्यातील पंचमंडळ व पेनच्या खटल्यातील पंचमंडळ यांत कोणता फरक दिसतो?
५. खेळात किंवा वर्गात तंटा झाला आणि निवाडा करण्याचे काम तुमच्याकडे आले, तर तुम्ही कोणत्या गोष्टींची काळजी घ्याल? दहा ओळी लिहा.