ट्रे घेताना आधी पाठ बघा

भांड्यांच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं असतात. एक ट्रेवरची फुलं बघतं, कडेवरची चकाकी बघतं आणि भाव विचारतं. दुसरं ट्रे हातात घेतल्या घेतल्या उलटा करतं. पाठीवर काय कोरलंय ते वाचतं, मधोमध अंगठा दाबून बघतं आणि मगच तोंड उघडतं. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला जपून भाव सांगतो.

ट्रे ही वस्तू आपण पाहुण्यांच्या नावावर विकत घेतो. घरी आल्यावर मात्र तो दिवसभर ओट्यावरच राबतो. म्हणून ‘चहाचा ट्रे केवढ्याला?’ हा प्रश्न अपुरा आहे. तो कुठकुठल्या कामाला लागणार, किती वर्षं टिकणार आणि शेवटी मोडीत काय देऊन जाणार, एवढं धरून त्याची किंमत काढायला हवी. खाली दिलेले भाव अंदाजाचे आहेत. गाव, पेठ आणि सणाचा हंगाम बघून ते खालीवर होतात.

एका ट्रेची कामं

४० बाय ३० सेंटिमीटरचा, बोटभर काठाचा सपाट स्टीलचा ट्रे घ्या. सकाळी त्यात मेथी निवडली जाते, दुपारी डाळीतले खडे वेचले जातात, संध्याकाळी चहाचे सहा कप आणि बिस्किटांची ताटली त्यातून बाहेर जाते. नारळाच्या वड्या थापायला तो ताटापेक्षा बरा, कारण काठ सरळ असल्याने कडेच्या वड्या वाकड्यातिकड्या निघत नाहीत.

मटारच्या दिवसांत याचा खरा उपयोग कळतो. सोललेले दाणे थेट पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकले, तर त्यांचा दगड होतो. या मापाच्या ट्रेमध्ये साधारण अर्धा किलो दाणे एका थरात बसतात. दोनतीन तास ट्रे फ्रीजरमध्ये ठेवून दाणे कडक झाले की पिशवीत भरायचे. मग हवे तेवढे मूठभर काढता येतात. खवलेल्या नारळाचंही तसंच. फक्त विकत घेण्याआधी फ्रीजरच्या कप्प्याची आतली रुंदी मोजून जा. दोन सेंटिमीटरने अडलेला ट्रे पुन्हा दुकानात न्यायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

आणि पाठ? सुरळीच्या वड्यांचं पीठ शिजलं की ते गरम असतानाच पसरावं लागतं. ट्रेच्या आतल्या बाजूला काठ मध्ये येतो, उलथनं नीट फिरत नाही. म्हणून ट्रे पालथा घालायचा, पाठीला तेलाचं बोट फिरवायचं आणि पीठ कागदासारखं पातळ ओढायचं. पाठ सपाट असेल तर सुरळी एकसारखी गुंडाळली जाते. पाठीवर नक्षी उठलेली असेल किंवा मध्ये खळगा असेल, तर वडी तिथेच फाटते. एवढ्या एका पदार्थासाठीसुद्धा दुकानात ट्रे उलटा करून बघावा.

याशिवाय आजारी माणसाचं जेवण पलंगापाशी न्यायला, तेलाच्या बाटल्यांखाली ठेवायला, कढीपत्ता सावलीत वाळवायला, हळदीकुंकवाचं वाण मांडायला तोच ट्रे चालतो. यासाठी वेगवेगळे ट्रे घेणं म्हणजे कपाटाची जागा विकत घेणंच.

स्टील: भाव वजनात विचारा

साधा पातळ, लहान ट्रे १०० ते २०० रुपयांत मिळतो. वर सांगितलेल्या मापाचा जाड ट्रे ३०० ते ६०० रुपयांपर्यंत जातो. नगावर सांगितलेला भाव ऐकून घ्या आणि मग तो वजनकाट्यावर ठेवायला सांगा. जाडी गेजमध्ये मोजतात आणि इथे उलटं गणित असतं: आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. २२ गेजचा ट्रे २६ गेजपेक्षा जाड.

काटा नसेल तर अंगठा पुरतो. ट्रे उलटा करून मधोमध दाबा. ‘टण्ण’ आवाज करून पत्रा आत गेला आणि सोडल्यावर परत वर आला, तर तो ट्रे गरम पातेल्याखालीही हेच करणार. माझ्याकडे असा एक होता. चहाचे भरलेले कप ठेवून उचलला की मध्येच टणकायचा आणि बशांमध्ये चहा सांडायचा. पाहुणे दचकायचे ते वेगळंच.

आता हिशोब. ५०० रुपयांचा जाड ट्रे दिवसातून तीनदा वापरला आणि दहा वर्षं टिकला, तर सुमारे ११ हजार वेळा कामाला येतो. एका वेळचा खर्च साडेचार पैशांच्या आसपास. १५० रुपयांचा पातळ ट्रे दोन वर्षांत वाकडा झाला, तर एका वेळचे जवळजवळ सात पैसे पडतात. स्वस्त ट्रे महाग पडतो, तो असा.

प्रतीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘३०४’ म्हटल्या जाणाऱ्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ‘२०२’ वगैरे २०० मालिकेतल्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त असतं, पण मीठ-आंबटापुढे कमी टिकतं. कोरड्या कामाला आणि चहाला २०२ चालतं. लिंबू, कैरी, मीठ लावलेल्या फोडी यांच्यासाठी ३०४ साठी जास्तीचे पैसे मोजावेत. दुसरी गोष्ट चुंबकाची. चुंबक चिकटलं म्हणजे स्टील खोटं, ही समजूत चुकीची आहे. चिकटलं नाही म्हणजे ३०४च, असंही नाही: ३०४ आणि २०२ या दोघांनाही चुंबक सहसा नीट धरत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत दोघं सारखेच पास होतात. दुकानदार ३०४ म्हणत असेल, तर बिलावर तसं लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर २०२ च्या भावाने घ्या.

पाठीवर आयएसआय खूण शोधा. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० हे मानक आहे. ही खूण सक्तीची करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. खुणेजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर घालून खरा-खोटा तपासता येतो. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे.

करही कमी झाला आहे. स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पक्कं बिल मागितलं की कोणता दर लावला ते दिसतं.

मेलामाइन, प्लास्टिक, लाकूड, पितळ

मेलामाइनचे ट्रे साधारण २०० ते ६०० रुपयांत मिळतात. दिसायला देखणे, हलके, पडले तरी सहसा फुटत नाहीत. पण ते वाढण्यासाठी आहेत, तापवण्यासाठी नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत, कढईतून काढलेली भजी त्यावर थेट निथळत ठेवू नयेत आणि गरम आंबट पदार्थ त्यात थेट वाढू नयेत. काथ्याने घासले की चरे पडतात आणि त्या चऱ्यांत हळद कायमची मुक्कामाला येते. चरे पडलेला ट्रे पाण्याच्या ग्लासांना ठेवावा, खाण्याला नाही.

प्लास्टिकचे ट्रे ६० रुपयांपासून सुरू होतात. पाठीवर त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. घरगुती वापराला हेच त्यातल्या त्यात बरं. आकडाच नसेल तर तो ट्रे साबण आणि कंगवे ठेवायला घ्या.

लाकडी ट्रे ३०० पासून दीड हजारापर्यंत. पाठ उलटी केली की भुसा दाबून केलेला बोर्ड आणि सलग लाकूड यातला फरक कळतो. सलग लाकडाच्या रेषा कडेपर्यंत जातात. बोर्डावर चिकटवलेला कागद कोपऱ्यात सुटायला लागलेला दिसतो. बोर्डाच्या ट्रेमध्ये पाणी मुरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

पितळी तबक वजनावर घ्यावं. भाव किलोला साधारण ८०० ते १२०० रुपये धरून चला आणि त्या दिवशीचा भाव विचाराच. ओवाळणीला, पूजेला, पानसुपारीला ते शोभतं. कल्हई नसेल तर त्यात चिंच, लिंबू, दही असलं काही ठेवू नका.

केक किंवा नानकटाईसाठी अॅल्युमिनियमचा ट्रे १५० ते ४०० रुपयांत येतो. ओव्हनच्या आतलं माप घेऊन जा आणि चारही बाजूंनी बोटभर जागा सुटेल असा निवडा, म्हणजे गरम हवा फिरते.

चाळीस पानांचं गणित

बारसं, मुंज, सत्यनारायण. घरात ४० माणसं जेवणार, तर खणांची ताटं विकत घ्यावीत, भाड्याने आणावीत की वापरून टाकायची घ्यावीत?

खणांचं स्टीलचं ताट १५० रुपये धरलं, तर ४० नगांचे ६००० रुपये. भाड्याने नगाला ६ रुपये धरले तर २४० आणि धुणाऱ्या बाईंचे ३०० मिळून ५४०. उसाच्या चिपाडाच्या लगद्याची खणांची ताटं नगाला ८ रुपये, तर ३२० रुपये. चार-पाच जास्तीची धरून साडेतीनशे.

पहिल्या नजरेला वाटतं की ६००० रुपये बारा कार्यक्रमांत वसूल होतील. पण घरच्या ताटांनाही धुण्याची मजुरी चुकत नाही. भाड्याच्या तुलनेत खरी बचत एका वेळेला २४० रुपयांचीच, म्हणजे वसुलीला पंचवीस कार्यक्रम लागतात. एका घराला हे परवडत नाही, सोसायटीला परवडतं. वीस घरांनी ३०० रुपये काढले की ४० ताटं मंडळाच्या कपाटात कायमची राहतात.

भाड्याने आणणार असाल तर टेंपो निघण्याआधी, दारातच, डझनाने मोजून घ्या. वाकलेली, पोचा पडलेली ताटं बाजूला काढून पावतीवर लिहून घ्या. हरवलेल्या नगाचे किती कापणार आणि अनामत कधी परत मिळणार, तेही आधीच ठरवा. परत करताना भांडण होतं ते बहुधा ताटांवरून नाही, चमच्यांवरून. तेही मोजा.

वापरून टाकायच्या ताटांत प्लास्टिक आणि थर्माकोल टाळा. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून त्यावर बंदी आहे, पहिल्या वेळचा दंड ५००० रुपये. देशभराच्या १ जुलै २०२२ च्या बंदीतही ताटं, पेले, चमचे यांच्या जोडीला ट्रे हा शब्द स्पष्ट आहे. चिपाडाचं ताट घेताना तेही उलटं करा. पाठ हाताला गुळगुळीत चकचकीत लागली, तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे का ते दुकानदाराला विचारा. शंका असेल तर एकात गरम वरण ओतून दहा मिनिटं थांबा. तळ मऊ पडला तर दुसरा माल बघा.

आणि ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्यावर वडे, भजी ठेवायची सवय मोडा. छपाईची शाई तेलात उतरते. अन्न गुंडाळायला किंवा ठेवायला वर्तमानपत्र वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे. केळीचं पान किंवा कोरा टिपकागद घ्या.

कुठे घ्यावा, जुन्याचं काय करावं

पुण्यात वापरून टाकायच्या ताटांसाठी बोहरी आळी आणि पितळ-तांब्यासाठी तांबट आळी. मुंबईत तांबा काटा आणि भुलेश्वर. नाशिककरांना भांडी बाजार सांगायला नकोच. पेठेत फिरण्याचा फायदा एवढाच की ट्रे हातात घेता येतो, पाठ बघता येते. फोटोत पाठ क्वचितच दिसते. घरबसल्या मागवणार असाल तर वर्णनात वजन ग्रॅममध्ये आणि माप सेंटिमीटरमध्ये आहे का ते बघा. वजन लिहिलेलं नसेल, तर ते लिहिण्यासारखं नसावं.

जुना ट्रे फेकू नका. भांड्यांची दुकानं मोड घेतात आणि तो भाव नव्याच्या बिलातून वळता करतात. मोडीचा दर आधी विचारा, नवा ट्रे नंतर निवडा. क्रम उलटला की घासाघीस तुमच्या हातात राहत नाही. दारावर बोहारीण येत असेल, तर जरीच्या दोन साड्यांवर ट्रे मागताना तिचा ट्रेही उलटा करून अंगठा दाबा. तिला राग येत नाही. तीही साडीचा पदर उलटाच करून बघते.

निघण्यापूर्वी

नाव घालायला दुकानदार सहसा वेगळे पैसे घेत नाहीत. पाठीवर, कडेला, लहान अक्षरांत घालून घ्या, मध्यभागी नको. सुरळीच्या वड्यांत नाव उमटतं.

बिल ट्रेबरोबर ठेवा. खोटी खूण, छापील किमतीपेक्षा जास्त वसुली किंवा बिलावरचा माल आणि हातातला माल वेगळा, असं काही निघालं आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.