शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा : आहार-विहारातून उपाय

रुग्णालयात प्रत्येक खाटेजवळ रुग्णाखेरीज आणखी एक व्यक्ती असते. ती रात्र स्टुलावर काढते, औषधे आणते, डॉक्टरांच्या फेरीची वाट पाहते. तिच्या नावाचा केसपेपर नसतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो, तेव्हा पुष्कळदा ही व्यक्तीच गळून गेलेली असते. झोपूनही ताजेतवाने वाटत नाही, अंग मोडून येते, कामात लक्ष लागत नाही, लहानशा कारणाने चिडचिड होते. दीर्घ आजारात शुश्रूषा करणाऱ्या नातलगांत आढळणाऱ्या या थकव्याविषयी येथे थोडे विवेचन करीत आहोत.

थकवा का येतो?

शरीरावरील ताणाचा शास्त्रीय विचार हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मांडला. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर वाढते. ही तयारी थोड्या वेळापुरती असते. कॉर्टिसॉलचे प्रमाण सकाळी सर्वाधिक व रात्री सर्वांत कमी असणे, हा निसर्गाचा क्रम आहे. काळजी आठवडेच्या आठवडे टिकली आणि रात्रीची झोप तुटत राहिली, की हा क्रम बिघडतो.

‘अधिवृक्क ग्रंथी थकतात’ असे सांगून काही महागडी चूर्णे विकली जातात. संशोधनांचा एकत्रित आढावा घेणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला; त्यात या कल्पनेस आधार आढळला नाही. अशा चूर्णांवर पैसा खर्च करू नये.

प्रथम तपासणी

प्रत्येक थकवा ताणामुळेच आला, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शुश्रूषेचा भार घरोघरी बहुधा स्त्रियांवरच पडतो, हे येथे ध्यानात घ्यावे. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉईड व जीवनसत्त्व ब-१२ यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, धाप अथवा छातीत दुखणे ही लक्षणे असल्यास विलंब करू नये.

सलाईनने शक्ती येते का?

‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ ही मागणी नेहमीची आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे साखर असते. एका भाकरीतून याहून अधिक ऊर्जा मिळते, शिवाय प्रथिने, लोह व तंतू मिळतात. जो तोंडाने खाऊ-पिऊ शकतो, त्याचा थकवा बाटलीने जात नाही.

आहार

१. जेवणाची वेळ चुकवू नये. ‘रुग्णाचे झाले की मग मी’ असे म्हणता म्हणता दिवस चहा-बिस्किटांवर जातो. घरून डबा येत असेल तर दोघांचा यावा.

२. प्रत्येक जेवणात वरण, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी असावे. मोड आलेली मटकी, ज्वारी-बाजरीची भाकरी व पालेभाजी हा स्वस्त आणि उत्तम आहार आहे. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे वा फळ जवळ ठेवावे.

३. उसळीवर लिंबू पिळावे; त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहातील टॅनिन लोहास अडवते, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये.

४. दुपारी उशिरानंतर चहा-कॉफी टाळावी. त्यातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी घेतलेला चहा मध्यरात्रीही जागा ठेवतो. तंबाखू व मद्य यांनी ताण हलका झाल्याचा केवळ भास होतो.

निद्रा, हालचाल, पाळी

प्रौढास सात तास झोप आवश्यक आहे. जागरण अटळ असेल तर दोघातिघांनी पाळ्या लावून घ्याव्यात व प्रत्येकास एक रात्र सलग झोप मिळेल असे पाहावे. उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी आणि सकाळी थोडा वेळ उन्हात चालावे. आरंभी दहा मिनिटे पुरेत; प्रकृती साथ देईल तसे आठवड्यात १५० मिनिटांपर्यंत न्यावे. एकाच दिवशी अति श्रम करू नयेत.

एक अडचण मनाची असते. आपला माणूस खाटेवर असताना आपण पोटभर जेवणे, झोपणे अनेकांना अपराधासारखे वाटते. तो अपराध नव्हे. थकलेल्या हातून औषधाची वेळ चुकते, मात्रा चुकते. शुश्रूषा करणाऱ्याची विश्रांती रुग्णाच्याही हिताची असते.

हा बदल चार दिवसांत दिसत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो. तरीही उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल वा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्वरित डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

संत गाडगे महाराजांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आपल्या नातलगांसह उतरतात. नातलगांना पाठ टेकण्यापुरती जागा आणि दोन वेळचे गरम अन्न देणे हा उपचाराचाच एक भाग आहे. दात्यांनी यंत्रसामग्रीइतकाच त्याचाही विचार करावा, आणि नातलगांनी या सोयींचा निःसंकोच लाभ घ्यावा.