डोंगराआडचा ग्वानाकास्ते

अमेरिका खंडाचा नकाशा समोर ठेवा. उत्तर व दक्षिण अमेरिका यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत कोस्टारिका हा छोटा देश सापडेल. त्याच्या सात प्रांतांपैकी वायव्येचा, निकाराग्वाला लागून असलेला प्रांत म्हणजे ग्वानाकास्ते. क्षेत्रफळ सुमारे १०,१४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख २७ हजार आणि मुख्य शहर लिबेरिया. मनुष्याच्या कानासारख्या शेंगा येणाऱ्या एका मोठ्या वृक्षावरून प्रांताला हे नाव मिळाले.

या प्रांताला पश्चिमेस पॅसिफिक महासागराचा लांब किनारा आहे. तरीही डिसेंबर ते एप्रिल येथे पाऊस जवळजवळ पडत नाही. ओढे आटतात, गवत वाळते, झाडे पाने गाळतात. पण पूर्व सीमेवरचा डोंगर ओलांडा, त्याच दिवसांत तिकडे पाऊस पडत असतो! असे का व्हावे?

हा डोंगर म्हणजे ओरोसी, रिंकोन दे ला व्हिएहा, मिराव्हायेस, तेनोरिओ अशा ज्वालामुखींची रांग आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे ईशान्य व्यापारी वारे तिला अडतात व वर चढतात. वर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाचे पाणी होऊन पूर्व उतारावर पाऊस पडतो. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, म्हणून चढणारी ढगाळ हवा दर किलोमीटरला ५ ते ६ अंशांनीच थंड होते. पलीकडे उतरणारी कोरडी हवा मात्र दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. ग्वानाकास्तेच्या वाट्याला येतो तो हा कोरडा, उष्ण वारा. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातील फरक तुम्हांला ठाऊक आहेच. तोही असाच पर्जन्यछायेचा परिणाम. मे ते नोव्हेंबर या काळात मात्र ग्वानाकास्तेत पाऊस येतो.

येथील मूळ रहिवासी चोरोतेगा लोक. ग्वाइतील गावात त्यांच्या परंपरेची रंगीत मातीची भांडी आजही घडवली जातात. २५ जुलै १८२४ रोजी निकोया भागाने निकाराग्वा सोडून कोस्टारिकात सामील होण्याचे ठरवले. त्या दिवसाची देशभर सुटी असते. कोरड्या मैदानात गुरेपालन हा जुना धंदा. विसाव्या शतकात गोमांसाच्या निर्यातीसाठी कुरणे वाढली आणि रान तुटत गेले. सान्ता रोसा परिसरात वणवे रोखल्यावर ते पुन्हा वाढू लागले आहे.

आता पाण्याची गोष्ट. आरेनाल नदी मुळात पूर्वेकडे, कॅरिबियन समुद्राला जाणारी. १९७९ साली तिच्यावर धरण पूर्ण झाले आणि साठलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवले गेले. उतारावर ते एकामागून एक तीन वीजकेंद्रांतून जाते. नंतर तेच पाणी कालव्यांतून तेम्पिस्के नदीच्या पूर्वेकडील मैदानात ऊस, भात व मत्स्यतळ्यांना मिळते. आपल्या कोयनेचे पाणी विजेसाठी पश्चिमेस, भरपूर पावसाच्या कोकणात उतरते. आरेनालचे पाणी मात्र ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे येते. अर्थात याची किंमतही मोजावी लागली. जुने आरेनाल आणि त्रोनादोरा ही गावे जलाशयात बुडाली, रहिवाशांना नव्या जागी घरे करावी लागली.

ज्या वाऱ्याने पाऊस हिरावला, त्याच्यावर टिलारानजवळ १९९६ पासून पवनचक्क्या वीज देतात. मिराव्हायेसच्या पोटातील उष्णतेवर १९९४ पासून वीजकेंद्र चालते.

म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला का? नाही. कालव्यांचे पाणी सर्वत्र पोचत नाही. किनाऱ्यावर पर्यटन वाढले, तशी पाण्याची मागणीही वाढली. २००८ साली सार्डिनालच्या गावकऱ्यांनी आपल्या भूमिगत पाण्याची नळयोजना किनाऱ्याकडे नेण्यास कडवा विरोध केला. २०१४-१५ मध्ये एल निनोच्या काळात तर तीव्र दुष्काळ पडला.

शेवटी एक उदाहरण सोडवा. किनाऱ्यावर २६ अंश असलेली ढगाळ हवा दीड किलोमीटर चढली व पलीकडे तितकीच उतरली. चढताना दर किलोमीटरला ५ अंश घट, उतरताना १० अंश वाढ धरा. उत्तर ३३.५ अंश आले, तर ग्वानाकास्तेचा उन्हाळा तुम्हांला समजला!